पूर्ण हजेरीचे बक्षीस

श्रद्धेच्या वाटेवर पहिली पावले टाकणाऱ्या मुलाला बक्षीस द्यावे काय? द्यावयाचे तर नेमके कशासाठी? आणि असे काही आहे काय, की ज्यासाठी ते मुळीच देऊ नये? धर्मग्रामातील बालगट चालवणाऱ्या कोणालाही वर्षाच्या अखेरीस या प्रश्नाला सामोरे जावे लागते. मात्र तो बहुधा प्रश्न म्हणून समोर येतच नाही, खर्चाची बाब म्हणून येतो. किती ढाली घ्यायच्या, किती पदके, किती प्रशस्तिपत्रके छापायची, उत्तेजनार्थ किती, एवढ्यावर सभा संपते. हजेरी, पाठांतर, बायबल प्रश्नमंजूषा, वेदीसेवा, गायनवृंद, शिस्त अशा रकान्यांची बेरीज होते, पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लागतात, सभागृहात टाळ्या पडतात. त्या बेरजेत आपण काय मोजले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्हांला ते विचारावेसे वाटते.

नौपाड्यासारख्या वस्तीत तर ते विचारणे अधिकच अगत्याचे आहे. येथील मुलांना बक्षिसांचे अप्रूप राहिलेले नाही, असे नव्हे. उलट बक्षिसांवाचून कोणती गोष्ट करता येते, हेच त्यांना फारसे ठाऊक नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ग, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, वक्तृत्व, बुद्धिबळ, पोहणे, वर्षा मॅरेथॉन. मसुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनाच्या रंगमंचावर शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा तरी न चढलेले मूल या भागात विरळाच. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत फलक झळकतात; त्यावर गुणवंत विद्यार्थ्याचे छायाचित्र लहान आणि अभिनंदन करणाऱ्या पुढाऱ्यांची मोठी असतात. खरे म्हणजे दहावी-बारावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे शिक्षण मंडळाने सोडून दिले, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या यादीने मुलांवर येणारा ताण मंडळालाही जाणवला. परंतु यादी गेली तरी तिची हौस गेली नाही; ती गृहसंकुलांच्या गुणगौरव समारंभांत गेली, आणि थोडी आपल्या धर्मग्रामांतही आली.

अशा आठवड्यातून उरलेल्या रविवारी सकाळी मूल मिस्साला आणि मग धर्मशिक्षणाच्या वर्गाला येते. तेथेही त्याच्यापुढे गुणांचा तक्ता धरला, तर चर्च म्हणजे आठवड्यातील आणखी एक क्लास, एवढीच त्याची समजूत होईल. त्यात त्याचा काय दोष?

आता, चर्चने बक्षिसांना नेहमीच विरोध केला, असे म्हणता येणार नाही. येशूसंघीयांच्या शाळांसाठी १५९९ साली जी शिक्षणसंहिता निश्चित झाली, तिच्यात बक्षिसे कशी द्यावीत, याचे स्वतंत्र नियम आहेत. त्या शाळांत वर्गाचे रोमन आणि कार्थेजियन असे दोन तट पाडीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला समोरच्या तटातील एक प्रतिस्पर्धी नेमून देत. ईर्ष्या ही मुलाला पुढे नेणारी शक्ती आहे, असे त्या काळच्या थोर शिक्षकांनी मानले आणि तिचा भरपूर उपयोग करून घेतला. लॅटिन व्याकरण शिकवण्यासाठी तो झाला, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. व्याकरणात एकाने दुसऱ्यावर मात करता येते. प्रार्थनेत ती करता येत नाही, आणि करता आली तर ती प्रार्थना राहत नाही.

लिझ्यूची संत तेरेजा लहान असताना तिला एक मण्यांची माळ मिळाली होती; एखादी लहानशी इच्छा मारली, कोणासाठी काही सोसले, की तिने एक मणी सरकवायचा. पुढे १८८४ साली तिचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला, तेव्हा त्याच्या तयारीसाठी बहीण पोलीन हिने तिला एक वही करून दिली. रोजचे त्याग आणि प्रेमाचे उद्गार त्या वहीत फुलांच्या रूपाने नोंदवायचे. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना अशा नोंदी आठवत असतील. बिशपांच्या सणाला किंवा धर्मगुरूंच्या वाढदिवसाला इतक्या जपमाळा, इतक्या मिस्सा, इतके त्याग असा आध्यात्मिक पुष्पगुच्छ आपण सारेच कधी ना कधी अर्पण करीत आलो. तेरेजाने ती वही मनापासून भरली. पण तीच तेरेजा ९ जून १८९५ रोजी देवापुढे आत्मसमर्पण करताना काय म्हणते? आपण त्याच्यासमोर रिकाम्या हातांनी येऊ, आपली सत्कृत्ये मोजून घेण्याची विनंती करणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. मणी मोजणाऱ्या मुलीपासून रिकाम्या हातांच्या जोगिणीपर्यंतचा हा प्रवास अकरा वर्षांचा आहे. त्यात वहीचाही वाटा असेल. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. फक्त एक लक्षात घ्यावे: त्या वहीची कोणाच्या वहीशी तुलना झाली नव्हती आणि तिच्या शेवटच्या पानावर क्रमांक नव्हता.

याहून मोठी घटना १९१० सालची आहे. त्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी मुलांना ख्रिस्तप्रसादासाठी दहा, बारा, कोठे चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवीत. त्यामागची कल्पना अशी की, एवढी थोर गोष्ट मिळवण्यास मूल आधी लायक झाले पाहिजे, शिकले पाहिजे, सुधारले पाहिजे. पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या आदेशाने ही कल्पना मोडीत काढली. साधारण सातव्या वर्षी, समज येऊ लागताच, मुलाला प्रभूच्या मेजावर बसण्याचा अधिकार आहे, असे चर्चने सांगितले. आणि ख्रिस्तप्रसाद हे सद्गुणांचे पारितोषिक आहे, माणसाच्या दुर्बलतेवरील औषध नव्हे, असे मानणे ही चूक असल्याचेही त्या आदेशात स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली आपल्या पहिल्याच प्रेषितीय बोधपत्रात पुन्हा तेच बजावले. म्हणजे बक्षीस आणि संस्कार यांतील फरकाचा निवाडा चर्चने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. आणि आपण काय करतो? मिस्साला आल्यास पाच गुण, प्रायश्चित्त संस्कार घेतल्यास दहा गुण, घरी कुटुंबासह जपमाळ म्हटल्यास आणखी पाच, असे तक्ते जेव्हा हौसेने तयार होतात, तेव्हा मोडीत काढलेली ती कल्पना मागच्या दाराने परत येते. मुलगा कबुलीच्या रांगेत उभा राहतो तो पापाचा खेद झाला म्हणून की महिन्याचे दहा गुण राहिले आहेत म्हणून, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. सात वर्षांच्या मुलाच्या अंतःकरणात इतका गोंधळ करून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हजेरीच्या रकान्याबद्दल मात्र आम्हांला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो. पूर्ण हजेरीचे बक्षीस, यात कसला अन्याय? मूल आले तर आले, नाही तर नाही. परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

एक मुलगी घ्या. तिची आई रुग्णालयात परिचारिका आहे आणि महिन्यातील दोन रविवारी तिची सकाळची पाळी असते. वडील नोकरीनिमित्त परगावी. घरी धाकटा भाऊ आहे. त्याला एकटे ठेवता येत नाही आणि वर्गात बसवावे एवढा तो मोठा नाही. त्या दोन रविवारी मुलगी वर्गाला येत नाही. आई घरी आली की दोघांना घेऊन ती संध्याकाळच्या मिस्साला येते. वर्षाच्या अखेरीस त्या मुलीच्या नावापुढे निम्मे चौकोन कोरे. दुसरा एक मुलगा. त्याचे घर चर्चपासून हाकेच्या अंतरावर, वडील वाचन करतात, आई गायनवृंदात. त्याच्या नावापुढे एकही चौकोन कोरा नाही. ढाल त्याला मिळते. ती का मिळाली? त्याचे आईवडील भाविक आहेत आणि रविवारी मोकळे आहेत म्हणून. मुलीला ती का मिळाली नाही? तिची आई रविवारी सकाळी आजाऱ्यांची सेवा करते म्हणून. ही सेवा प्रभूने न्यायाच्या दिवशी विचारण्याच्या मोजक्या गोष्टींत घातली आहे, हे संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. आपल्या रकान्यात तिचे शून्य गुण होतात.

सात-आठ वर्षांच्या मुलाची हजेरी हे बहुतांशी मुलाचे कर्तृत्व नसते. ते घराचे असते, घरच्या मिळकतीचे असते, भाड्याच्या घरामुळे वर्षाच्या मध्येच डोंबिवलीला हलावे लागले तर रेल्वेचेही असते. आईबाप वेगळे राहत असतील आणि मूल एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे असेल, तर ते मूल टाळ्या वाजवताना काय विचार करीत असेल? त्याच्या आयुष्यात जे तुटले आहे, त्याची जाहीर नोंद आपण सभागृहात वाचून दाखवतो, आणि तीही दुसऱ्याचे कौतुक करता करता.

हजेरी घेऊ नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. वही हवीच. दोन रविवार कोरे दिसले की तिसऱ्या रविवारच्या आत कोणीतरी त्या घराचा जिना चढला पाहिजे. नव्याण्णव मेंढरे सोडून शंभराव्याच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळालाही शंभराचा आकडा ठाऊक असावाच लागला; मोजल्याशिवाय एक हरवले आहे, हे कळत नाही. त्याने नव्याण्णवांना पूर्ण हजेरीचे पदक दिल्याचे मात्र शुभवर्तमानात नाही.

द्राक्षमळ्याचा दाखला आपणांस पाठ आहे. सूर्य मावळण्याच्या एक तास आधी आलेल्यालाही पूर्ण दिवसाचे वेतन, आणि सकाळपासून राबलेल्याची कुरकुर. हा दाखला ऐकताना, खरे सांगायचे तर, आपण बहुतेकजण सकाळच्या मजुरांच्या बाजूचे असतो. ज्या अध्यायात तो आहे, त्याच विसाव्या अध्यायात पुढे जब्दीच्या मुलांची आई येते आणि आपल्या दोन मुलांसाठी उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागते. संत मत्तयने दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात का ठेवल्या असतील, याचा खुलासा बक्षीस समारंभानंतर धर्मशिक्षकांना गाठून गुणांची फेरमोजणी मागणाऱ्या पालकांकडून व्हावा. ती माउली निदान दोन्ही मुलांसाठी मागत होती.

याची दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल. शुभवर्तमानात प्रतिफळाची भाषा आहेच. स्वर्गातील संपत्ती आहे, शंभरपट मोबदला आहे. संत पौल करिंथकरांना धावण्याच्या शर्यतीचा दृष्टांत देतो आणि न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावा म्हणतो. आपल्या ठाण्यालाच या मुकुटाची ओळख फार जुनी आहे. १३२१ साली येथे चार ख्रिस्ती पुरुषांना श्रद्धेसाठी मरण आले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा याकोब, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन, आणि त्यांच्याबरोबर तिफ्लिसचा देमेत्रियस. हा देमेत्रियस भाषा जाणणारा, त्यांचा दुभाष्या. आज आपण त्यांना हुतात्म्यांचा मुकुट लाभलेले म्हणतो. पण दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे पोचवण्याचे काम करणारा तो माणूस पहिला आला की चौथा, हे विचारण्याचेही कोणाच्या मनात येणार नाही. संत पौलाच्या शर्यतीतही बाजूच्याला हरवण्याची गरज नाही. तेथे सर्वांसाठी मुकुट आहेत.

म्हणून बक्षिसावर सरसकट बंदी घालावी, हा उपाय आम्हांला पटत नाही. मारिया माँटेसरी या कॅथलिक विदुषीने तो सुचवला होता, आणि तिचे कारण ऐकण्यासारखे आहे. आपल्या १९०९ च्या ग्रंथात ती रोममधील बालगृहातील एक प्रसंग सांगते. एका हुशार मुलाच्या गळ्यात बक्षीस म्हणून पांढऱ्या फितीला बांधलेला चांदीचा क्रूस होता. दुसरा मुलगा शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलेला. पहिला आपल्या कामात रमून ये-जा करीत असताना क्रूस गळून पडला. शिक्षा झालेल्याने तो उचलला आणि त्याला दाखवला. पहिल्याला त्याची काहीच पर्वा नव्हती. तूच घाल, म्हणाला, आणि आपल्या कामाला लागला. दुसऱ्याने तो घातला आणि खुर्चीत समाधानाने बसला. कामात आनंद असलेल्याला बक्षीस नको होते. ज्याला काम नव्हते, त्यालाच ते हवे होते. हीच माँटेसरी १९३९ साली भारतात आली आणि युद्धाची सारी वर्षे येथेच राहून तिने आपल्या शिक्षकांना घडवले.

१९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी शिशुशाळेतील मुलांवर केलेला प्रयोगही याच अंगाने जातो. चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडत होते, अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास फीत आणि सोनेरी तारा असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिले. काहींना दिलेच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी पाहिले, तर आधी सांगून बक्षीस दिलेली मुले आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवीत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचे मात्र काही बिघडले नव्हते. बालगट चालवणाऱ्याने हा शेवटचा भाग विसरू नये. नुकसान कौतुकाने होत नाही, सौद्याने होते.

आमचा कल कोठे आहे, ते यावरून ध्यानात आलेच असेल. जे शिकता येते आणि तपासता येते, त्याला खुशाल चिन्ह द्यावे. बायबलमधील पुस्तकांची नावे क्रमाने येणे, वेदीवरील वस्तूंची नावे आणि उपयोग माहीत असणे, स्तोत्र सुरात गाणे, जखमेवर पट्टी बांधणे. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. तेथे मूल दुसऱ्याशी नव्हे, ठरलेल्या पायरीशी झटते, आणि एकाच तुकडीतील वीसही मुले ती चढू शकतात. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचा तर असा आग्रह होता की, प्रावीण्याचे बिल्ले देताना मुलाने गाठलेल्या उंचीपेक्षा त्याने घेतलेले श्रम पाहावेत. धर्मग्रामाच्या बालगटालाही ही पद्धत शोभते. प्रार्थना, त्याग, क्षमा, संस्कार यांचा रकाना मात्र वहीत असूच नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले. आपण ते कार्यकर्त्यांना, पालकांना आणि ध्वनिक्षेपकाला कळवतो.

आणि सर्वांना सारखेच पदक वाटून टाकण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत आहे, तिच्यावरही आमचा फारसा विश्वास नाही. मुले भोळी असतात, मूर्ख नसतात. शंभर पदकांतील आपले पदक आपल्यासाठी नव्हे, हे त्यांना लगेच समजते. मुलाला हवे असते ते कोणीतरी आपल्याकडे पाहिले, हे कळणे. पदकाने ते होत नाही. त्यासाठी मुलाचे नाव, त्याचे घर, त्याचे या वर्षीचे सुखदुःख ठाऊक असणारा मोठा माणूस लागतो. डॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीविषयी लिहिताना म्हटले आहे की, चांगले केल्यावर मिळालेली शाबासकी हेच मुलाला मोठे बक्षीस असते. शाबासकी ढालीपेक्षा स्वस्त आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती महाग आहे; ढाल बाजारातून एका दुपारी आणता येते.

डॉन बॉस्को यांचा नामदिवस त्यांच्या मुलांत २४ जूनला, संत योहान बाप्तिस्ता यांच्या जन्माच्या सणाला साजरा होई. आपल्या ठाण्याच्या जुन्या चर्चचे आश्रयदाते संतही तेच. अशाच एका नामदिवशी त्यांनी मुलांना सांगितले की, ज्याला जे हवे ते चिठ्ठीवर लिहावे, शक्य ते मी देईन. क्रमांक नाही, परीक्षा नाही, सर्वांनी मागावे. पुष्कळांनी गमतीच्या आणि अवाच्या सवा मागण्या केल्या. दोमिनिक साव्हियो याने लिहिले की, माझा आत्मा तारावा आणि मला संत करावे. हा मुलगा १८५७ साली पंधरावे पूर्ण होण्याआधीच वारला आणि १९५४ साली चर्चने त्याला संत म्हणून घोषित केले. पण त्या दिवसांत, संत होण्याच्या ध्यासाने तो गंभीर आणि एकलकोंडा होऊ लागला होता, तेव्हा डॉन बॉस्को यांनी त्याला कोणतेही चिन्ह दिले नाही, गुण दिले नाहीत, इतरांपुढे उभेही केले नाही. आनंदी राहा, अभ्यास आणि प्रार्थना नेमाने कर, आणि सुटीत इतर मुलांबरोबर खेळायला जात जा, एवढे त्यांनी त्याला सांगितले.